संपाच्या गोष्टी आणि माझी खुर्ची

मला ज्या खोलीत बसवलं होतं तिचं नाव मोठं भारदस्त होतं. दारावरच्या जपानी पाटीचा मराठीत अर्थ लावायचा तर 'करिअर विकास कक्ष'. विकास कुणाचा होत होता ते देव जाणे. खोलीत टेबलं होती, खुर्च्या होत्या, गरम पाण्याचा मोठा थर्मास होता आणि हिरव्या चहाच्या पुड्या होत्या, त्याही फुकट. खिडकी नव्हती आणि काम नव्हतं.

काम द्यायचंच नाही, हीच त्या खोलीची सिस्टिम. इथे कायम नोकरीतल्या माणसाला काढून टाकणं कंपनीला सोपं जात नाही. कायदा आड येतो, आणि कायद्यापेक्षा लाज जास्त आड येते. म्हणून माणसाला काढत नाहीत, त्याच्या हातातलं काम काढून घेतात, त्याला बाजूच्या खोलीत बसवतात आणि वाट बघतात. कंटाळून म्हणा, लाजून म्हणा, कधीतरी तो आपणहून राजीनामा लिहितो. मग सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात, फुलांचा गुच्छ देतात आणि तो घरी जातो. कुणी कुणावर आवाज चढवत नाही.

आमच्या कंपनीने माझ्या डिपार्टमेंटचं कॉम्प्युटरचं काम बाहेर दिलं. कुठे, तर पुण्याला, हिंजवडीत. म्हणजे मी पुणं सोडून टोकियोत आलो आणि माझं काम टोकियो सोडून पुण्याला गेलं. हे घरी सांगितलं तेव्हा बायको आधी हसली. मग गॅस बंद करून माझ्यासमोर येऊन बसली.

"राजीनामा द्यायचा नाही," ती म्हणाली. "पोरीची अॅडमिशन होऊन ती शाळेत रुळेपर्यंत तिथून हलायचं नाही. खुर्ची गरम करत बस."

"अगं, पण दिवसभर करायचं काय?"

"काही करू नकोस. व्हिसा आहे ना? मग बस."

पोरगी तेव्हा नववीत होती. इथे नववीनंतर हायस्कूलची प्रवेश परीक्षा असते आणि चांगलं सरकारी हायस्कूल मिळवायचं तर पोरं वर्षभर मान मोडून अभ्यास करतात. टोकियोच्या ओजिमा भागातल्या आमच्या वसाहतीतली बरीचशी भारतीय मुलं इंग्लिश शाळेत जातात. आमची पहिलीपासून जपानी शाळेत गेली. आम्ही मराठीत विचारतो, ती जपानीत उत्तर देते. झोपेत बडबडते तेही जपानीत, आम्हाला अर्धंच कळतं. देवनागरी वाचताना अजून बोट ठेवून अडखळते. माझा व्हिसा नोकरीवर आणि तिचा व्हिसा माझ्यावर. मी राजीनाम्यावर सही केली असती, तर नवी नोकरी शोधायला थोडे महिने मिळाले असते, आणि माझ्या वयाला आणि माझ्या जपानीला कोण विचारतंय? मग गाशा गुंडाळून पुण्याला. ती इथलीही राहिली नसती आणि तिथलीही झाली नसती. प्रश्न एवढाच होता. माझ्या स्वाभिमानाचं वगैरे म्हणाल, तर तो मी हिवाळी कपड्यांबरोबर बॅगेत घालून माळ्यावर टाकला होता. पोरीला यातलं काहीही सांगितलं नव्हतं.

तुम्हाला वाटेल, बिचारा आतून जळत असेल. छे हो. मला काहीच वाटत नव्हतं. डेंटिस्टने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसा मी आख्खाच झालो होतो. सकाळी उठायचं, टाय बांधायचा, गर्दीच्या ट्रेनमध्ये उभं राहायचं, खोलीत जाऊन बसायचं. जेवणाच्या सुट्टीत बायकोने दिलेला डबा खायचा. भाजी कुठली होती हे संध्याकाळी आठवायचं नाही.

खोलीत माझ्याखेरीज एकच माणूस होता. दाराजवळच्या टेबलाशी बसणारे एक गृहस्थ, माझ्याहून बरेच मोठे, निवृत्तीला टेकलेले. मी त्यांना रीतसर 'सान' लावून हाक मारायचो, पण मनातल्या मनात त्यांना काका करून टाकलं होतं. काका दिवसभर ताठ बसत, हात मांडीवर. सकाळी मी आलो की मान लववून नमस्कार, संध्याकाळी निघताना 'ओत्सुकारेसामा', म्हणजे दमलात हो, असं इथे कामावरून निघणाऱ्याला म्हणतात ते. मधल्या वेळात एक शब्द नाही. वर्ष होत आलं तरी त्यांना बायकामुलं आहेत की नाहीत हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

खोलीत मोबाइल चालायचा नाही, कॉम्प्युटर तर नव्हताच. पुस्तकाला बंदी नव्हती. मात्र संध्याकाळी अहवाल लिहायचा, 'आज स्वतःच्या विकासासाठी काय केलं'. एचआरचा एक माणूस पाच वाजता येऊन ते कागद गोळा करायचा, तिथेच उभ्याने वाचायचा आणि लाल शिक्का मारायचा. चाळिशीतला, अतिशय नम्र माणूस. काका रोज एकच ओळ लिहायचे, 'आज विचार केला.' त्यावरही शिक्का.

मला काही ते जमेना. म्हणून मी घराजवळच्या लायब्ररीत गेलो. तिथे इंग्लिश पुस्तकांचं एक कपाट आहे. मायदेशी परत जाणाऱ्या कुणा अमेरिकन मास्तराने आपला सगळा संग्रह देऊन टाकला असावा, कारण ओळीने सगळ्या एकाच जातीच्या कादंबऱ्या. मंदी आलीय, गिरणी बंद पडलीय, जमीन गेलीय, माणसं बोचकी बांधून रस्त्याला लागलीत. मी इंजिनीअर माणूस. कॉलेजनंतर कादंबरी हातात धरली नव्हती. या घेतल्या, कारण जाडजूड होत्या. म्हटलं, चला, महिनाभराची सोय झाली.

आणि खरंच वाचत गेलो. वाचायचं आणि अहवालात लिहायचं, माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत. पहिलं लिहिलं ते असं, की हे लेखक गरिबाची ओळख त्याच्या पायांपासून करून देतात. बूट कसा फाटलाय, आत पुठ्ठा कसा घातलाय. मग हात. तोंडाचं वर्णन मागाहून. दुसऱ्या दिवशी लिहिलं, की यांच्यात मालक कधी दिसतच नाही. तो लांब कुठल्या तरी शहरात असतो. समोर असतो तो मुकादम, आणि तोही आतून घाबरलेला असतो. हे वाचून एचआरचा माणूस जरा थांबला. माझ्याकडे बघितलं नाही. शिक्का मारला आणि "कृपया चालू ठेवा" म्हणाला.

मग काय, मला ऊतच आला. जेवणाबद्दल लिहिलं. या कादंबऱ्यांत पातेल्यात काय शिजतंय ते लेखक कधी विसरत नाही. पुरुष चिडतात, दारू पितात, निघून जातात. बाई मात्र चुलीपाशी असते आणि निर्णय शेवटी तीच घेते. हे वाक्य मी घरी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे कळायला तुला अमेरिका लागली का?"

कामाबद्दलही लिहिलं. फळं कशी तोडायची, माग कसा चालवायचा, लोखंड कसं ओतायचं, हे लेखक इतक्या मायेने सांगतात की वाचणाऱ्याचे हात शिवशिवावेत. म्हणून मग ते काम गेल्यावर वाचणाऱ्याचंही काहीतरी जातं. अलीकडच्या कादंबऱ्या वेगळ्या होत्या. त्यांत कारखाना आधीच बंद पडलेला असतो. माणूस रात्री कुणाची तरी पार्सलं पोचवतो आणि शेजाऱ्यांना सांगतो की सध्या जरा विश्रांती घेतोय. भूक कमी, शरम जास्त. त्या वाचताना मी मधेच पुस्तक मिटून चहा करून घ्यायचो.

सगळ्यांत एक गोष्ट मात्र सारखी होती. राग. त्या माणसांना राग यायचा. मला येत नव्हता. कुणावर येणार? हिरव्या चहाच्या पुडीवर? मी बँकेने घर जप्त केलेला शेतमजूर नव्हतो, खाणीत अडकलेला कामगार नव्हतो. एसी खोलीत टाय बांधून बसलेला पुण्याचा माणूस होतो. त्यांच्या कष्टांच्या रांगेत उभं राहायचा मला काय अधिकार, असं वाटायचं, आणि तेवढंच काय ते वाटायचं.

आणि भाषणं. जुन्या कादंबरीत हमखास तो प्रसंग यायचाच. संपावरचे कामगार गोळा झालेत, आणि कुणीतरी खोक्यावर चढून बोलायला लागतो. पानंच्या पानं. मला त्याचा वैताग यायचा. मी सरळ लिहून टाकलं, 'ही भाषणं खोटी वाटतात. अशा वेळी माणसाला शब्द सुचत नाहीत. तो गप्प उभा राहतो.' एचआरच्या माणसाने वाचलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी विचारलं.

"मग त्या संपाचं शेवटी काय झालं?"

"मोडला," मी म्हणालो.

"अस्सं," म्हणत त्याने शिक्का मारला आणि दार हळूच ओढून घेतलं.

मार्च उजाडला आणि पोरीचा निकाल लागला. तिला हवं होतं तेच हायस्कूल. ती फोनवर यादी बघून जपानीत किंचाळली, मग आईच्या गळ्यात पडली. बायको रडली. मीही हसलो वगैरे, पण खरं सांगतो, लांबून कुणाचं तरी घर बघावं तसं मी बघत होतो. लेकीच्या आयुष्यातला एवढा दिवस आणि माझा गाल बधिर. त्याचं मला भय वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही.

"ऑफिसात पेढे वाट," बायको म्हणाली.

"कुणाला? काकांना आणि थर्मासला?"

"वरच्या मजल्यावर जा. तुझ्या जुन्या लोकांकडे. लेक पास झालीय, तोंड लपवून काय बसायचं?"

तिने दूध पावडरचे पेढे केले, वेलदोडा घालून. ती इथे एका बेंतोच्या दुकानात, म्हणजे तयार डब्यांच्या दुकानात, पार्टटाइम काम करते. त्यामुळे इथल्या लोकांना खाण्याची वस्तू सुटी दिलेली चालत नाही हे तिला पक्कं माहीत. एकेक पेढा छोट्या पारदर्शक पिशवीत घातला, वर सोनेरी तार बांधली. इतकं देखणं झालं होतं की मलाच हात लावावासा वाटेना.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मी वर गेलो. वर्षभरात त्या मजल्यावर पाय ठेवला नव्हता. लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर ते आपापल्या बुटांकडे बघायचे, हेही सवयीचं झालं होतं. मी पहिल्या टेबलापाशी गेलो, वाकलो, दोन्ही हातांनी पेढा पुढे केला. तो माणूस खाडकन उभाच राहिला. माझ्याहून खाली वाकला. "इतकी वर्षं आमच्यासाठी फार कष्ट घेतलेत," म्हणाला. मला वाटलं, अरे वा, किती अगत्य. पुढच्या टेबलावरची बाई उठली, तिचे डोळे भरले होते. "आता भारतात परत का?" तिने विचारलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इथे नोकरी सोडणारा माणूस शेवटी टेबलाटेबलावर जाऊन गोड वाटतो. सुट्या पिशवीतलं, दोन्ही हातांनी, वाकून. आणि मार्च म्हणजे इथलं वर्ष संपायचा महिना, सोडून जायचा हंगाम. आपल्याकडे पेढा हातात आला की माणूस विचारतो, "काय आनंदाची बातमी?" इथे पेढा हातात आल्यावर कुणाला विचारायची गरजच नव्हती. मी माझ्या निरोपाचे पेढे स्वतःच्या हाताने वाटत होतो.

तिथेच थांबून सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. का, ते ऐका. ते सगळे माझ्याकडे बघत होते. वर्षभर ज्यांनी नजर चुकवली, ते आता डोळ्याला डोळा देऊन बोलत होते, हसत होते, जुन्या गोष्टी काढत होते. मला ते बंद व्हायला नको होतं. डबा रिकामा होईपर्यंत मी टेबलामागून टेबल फिरलो.

संध्याकाळी बोलावणं आलं. वरच्या मजल्यावर सगळे गोल करून उभे होते. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी धावत जाऊन फुलं आणली होती, पांढरी आणि पिवळी, मोठा गुच्छ. एचआरचा माणूस एक लिफाफा दोन्ही हातांत धरून बाजूला उभा. आत राजीनाम्याचा कागद होता, हे मला कुणी सांगायला नको होतं. माझ्या जुन्या साहेबांनी गुच्छ माझ्या हातात दिला. टाळ्या झाल्या. मग साहेब म्हणाले, "दोन शब्द बोला."

फुलांना ओला वास येत होता. मला ती खोक्यावर चढणारी माणसं आठवली, त्यांची पानंच्या पानं भाषणं, आणि मी मारे ऐटीत लिहिलेलं की माणसाला अशा वेळी शब्द सुचत नाहीत. सुचत नव्हतेच. सोपं होतं ते एवढंच, की 'आभारी आहे' म्हणायचं, वाकायचं आणि लिफाफा घ्यायचा. मान खाली जायलाही लागली होती.

"माझ्या मुलीला हायस्कूलला प्रवेश मिळाला," मी म्हणालो. "आमच्याकडे अशा वेळी गोड वाटतात." आवाज माझा वाटेना. "मी नोकरी सोडत नाहीये. मी उद्या येणार आहे."

बस. एवढंच भाषण. कुणीही हललं नाही. साहेबांचे टाळीसाठी जवळ आणलेले हात तसेच राहिले. मघाशी डोळे भरून आलेली ती बाई "ओमेदेतो", म्हणजे अभिनंदन, असं अगदी हळू म्हणाली आणि लगेच खाली बघायला लागली. मी फुलं परत करायला गेलो, तर साहेब दोन पावलं मागे सरकले. एचआरच्या माणसाने लिफाफा कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. मी गुच्छ घेऊन लिफ्टमध्ये शिरलो. घाबरलो होतो. खूप घाबरलो होतो.

घरी दार पोरीने उघडलं. फुलं बघून तिचा चेहरा असा काही उजळला! "माझ्यासाठी?" तिने जपानीत विचारलं. "बाबा, तुमच्या ऑफिसातली माणसं किती चांगली आहेत!"

मी "हो" म्हणालो. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या दुकानात कुणी सोडून गेलं की असाच गुच्छ देतात. तिने फुलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"सही?" तिने मराठीत विचारलं.

"नाही."

तिने कात्री घेतली आणि सिंकपाशी जाऊन देठ कापायला लागली. पोरगी मैत्रिणींना पाठवायला फुलांचे फोटो काढत बसली.

सकाळी गेलो. निरोप घेतलेला माणूस परत येतो असं इथे कुणी बघितलं नसेल. लिफ्टमध्ये माझ्याबरोबर चढलेले दोघे पुढच्याच मजल्यावर उतरले. खोलीत आलो तर माझं टेबल होतं, खुर्ची नव्हती. दुष्टावा नव्हता त्यात. आदल्या दिवशी कुणीतरी आपलं काम चोख केलं होतं, एवढंच. काकांनी नेहमीसारखी मान लववली. मी पुस्तक काढलं आणि टेबलाशी उभा राहिलो. दुसरीकडे कुठे जाणार? ओळ वाचायचो आणि तीच पुन्हा वाचायचो.

थोड्या वेळाने दाराकडून आवाज आला. काका उठले होते. त्यांनी आपली खुर्ची टेबलाखाली सरकवली, कोट नीट केला आणि हात बाजूला घेऊन ताठ उभे राहिले, समोरच्या भिंतीकडे बघत. मला वाटलं बाहेर जातायत. गेले नाहीत. मी हाताने खूण केली, बसा, बसा. त्यांनी बघितलंच नाही. गुडघे दुखत असावेत, अधूनमधून एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यायचे. पण बसले नाहीत.

जेवणाची सुट्टी व्हायच्या सुमाराला एचआरचा माणूस आत डोकावला. आम्हा दोघांना उभं बघून तो दारातच थबकला. तसाच गेला आणि परत आला तेव्हा हातात खुर्ची होती, स्वतः उचलून आणलेली. ती माझ्या टेबलाशी ठेवली, वाकला आणि गेला. मग काका बसले. मग मी बसलो.

"मुलगी कुठल्या शाळेत?" काकांनी विचारलं. वर्षभरातला त्यांचा पहिला प्रश्न.

मी शाळेचं नाव सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात ट्रेनचा हिशेब केला असावा.

"लांब आहे," ते म्हणाले. "एप्रिलपासून तिला लवकर उठावं लागेल."

आणि मला रडू फुटलं. टेबलावर डोकं ठेवून, नाक गळेपर्यंत, हमसून हमसून रडलो. काका भिंतीकडे बघत बसून राहिले.